ज्या मोजणीत आपण नाही

दर गुरुवारी सीमाभागातल्या मराठी घरांत एक निकाल लागतो. तो परीक्षेचा नसतो आणि निवडणुकीचाही नसतो. गेल्या आठवड्यात कोणती मराठी मालिका पहिली आली, कोणती घसरली, कोणत्या वाहिनीने कोणाला किती अंशांनी मागे टाकले, याचा तो तक्ता असतो. तो मोबाइलवर येतो आणि शुक्रवारी सकाळी दूध केंद्रावर, बसथांब्यावर, बँकेच्या रांगेत आणि शिक्षकांच्या खोलीत त्यावर खल सुरू होतो. अमकी नायिका मालिका सोडणार म्हणे. तमकीची वेळ साडेसातावरून सहावर आणली, म्हणजे तिचे दिवस भरले. नव्या मालिकेतला नायक दिसायला बरा आहे, पण वाक्य कुठे तोडावे ते त्याला कळत नाही. या वादात गृहिणी असतात, निवृत्त कारकून असतात, माझे सहकारी असतात आणि नववीतल्या मुलीही असतात.

या वादाला माझा विरोध नाही, हे आधीच सांगून टाकतो. नाहीतर 'हेडमास्तर म्हणजे टीव्हीच्या नावाने बोटे मोडणारच' असे समजून वाचक पान उलटतील. माझे भांडण वादाशी नाही, वादात वापरल्या जाणाऱ्या मापाशी आहे. ज्या मापाने आपण मालिकांची लायकी ठरवतो ते माप जाहिरातदाराचे आहे. आणि त्याहून मजेची, खरे तर खेदाची गोष्ट अशी की, त्या मापात सीमाभागातला मराठी प्रेक्षक धरलेलाच नाही. शेजारच्या घरच्या लग्नात मानपानावरून आपण भांडावे आणि नंतर कळावे की आपल्याला आमंत्रणच नव्हते, तसला हा प्रकार आहे.

टीआरपी म्हणजे काय, हे आधी पाहू. पूर्वी ही मोजणी टॅम नावाची संस्था करीत असे. २०१५ पासून ती बार्क ही संस्था करते. वाहिन्यांचे मालक, जाहिरात देणाऱ्या कंपन्या आणि जाहिरात संस्था यांच्या संघटनांनी मिळून ती उभी केली आहे. देशभरातल्या निवडक घरांत मीटर बसवलेले असतात. वाहिनीच्या आवाजात कानाला न कळणारी एक खूण मिसळलेली असते, ती मीटर ओळखतो. घरातल्या प्रत्येकाला एक बटण नेमून दिलेले असते. टीव्हीपुढे बसताना ते दाबायचे, उठताना पुन्हा दाबायचे. २०२० च्या अंदाजानुसार देशात टीव्ही असलेली घरे सुमारे २१ कोटी होती, आणि मीटर असलेली घरे त्या वेळी पन्नास हजारांहूनही कमी होती. नमुना लहान म्हणून मोजणी खोटी, असे मी म्हणणार नाही. भाताची परीक्षा शितावरून करता येते, हे आपल्या आज्यांनाही ठाऊक होते. पण शितावरून भात शिजला की नाही एवढे कळते. जेवणारा तृप्त झाला की उपाशी उठला ते कळत नाही. अमुक वेळी अमुक घरात अमुक वाहिनी चालू होती आणि समोर इतकी माणसे बसली होती, एवढेच मीटर सांगतो. ती माणसे रडत होती, भाजी निवडत होती की एकमेकांशी भांडत होती, याची नोंद तिथे नसते. जाहिरातीच्या दहा सेकंदांचा दर ठरवायला एवढी माहिती पुरते. ते माप त्यासाठीच केलेले आहे, आणि त्या कामापुरते ते रास्तही असेल.

२०२० च्या ऑक्टोबरमध्ये मुंबई पोलिसांनी टीआरपी घोटाळ्याचा आरोप जाहीर केला. त्यानंतर वृत्तवाहिन्यांची आकडेवारी प्रसिद्ध करणे बार्कने थांबवले, आणि ती पुन्हा सुरू व्हायला २०२२ चा मार्च उजाडला. त्या काळात ज्यांनी 'सगळे आकडे विकत घेतलेले असतात' असे ठासून सांगितले, तेच आज आपल्या आवडत्या मालिकेचा आकडा वर गेला की तोच आकडा वेदवाक्य म्हणून तोंडावर फेकतात. आपला तो बाळ्या, दुसऱ्याचे ते कार्टे! पण मला त्या प्रकरणापेक्षा एक साधी, उघड छापलेली गोष्ट महत्त्वाची वाटते. मराठी मालिकांचा जो साप्ताहिक तक्ता प्रसिद्ध होतो, त्याच्या डोक्यावर प्रदेशाचे नाव असते. ते नाव आहे महाराष्ट्र आणि गोवा, शहरी व ग्रामीण. कन्नड मालिकांच्या तक्त्यावर नाव असते कर्नाटक.

याचा अर्थ सावकाश लक्षात घ्या. म्हापसा-मडगावचा मराठी प्रेक्षक या मोजणीत आहे. बेळगाव, खानापूर, निपाणी इथल्या एखाद्या मराठी घरात मीटर असलाच, तर त्या घराची जमा कर्नाटकाच्या खात्यात. इंदूर-ग्वाल्हेरची जमा मध्य प्रदेशाच्या खात्यात, बडोद्याची गुजरातच्या आणि हैदराबादची तेलंगणाच्या. मराठी मालिकेच्या आकड्यात यांतले एक घरही नाही. ज्या मालिकेसाठी आमच्या गल्लीतल्या दोन जावा आठ-आठ दिवस अबोला धरतात, त्या मालिकेच्या यशापयशात दोघींचेही मत शून्य आहे. २०१९ च्या फेब्रुवारीपासून प्रत्येक वाहिनी निवडून तिचे पैसे भरायची पद्धत आली. तेव्हापासून कन्नड वाहिन्यांबरोबर मराठी वाहिन्यांचे पैसेही आमची घरे इमानेइतबारे मोजतात. म्हणजे आमचा पैसा मोजला जातो, आमची आवड मोजली जात नाही.

यात कोणाचा कट आहे असे मी म्हणत नाही. साबण विकणारा राज्यवार विचार करतो, त्याचे दुकानदार आणि वितरक राज्यवार असतात, म्हणून तक्तेही राज्यवार. १ नोव्हेंबर १९५६ ला जी रेघ ओढली गेली तिच्यावरून आम्ही इतकी वर्षे मोर्चे काढले, सत्याग्रह केले, खटला सर्वोच्च न्यायालयापर्यंत नेला. तीच रेघ आमच्या दिवाणखान्यात दर संध्याकाळी ओढली जाते, आणि आम्ही तिच्यावर पाय ठेवून विचारतो, "काय हो, या आठवड्यात पहिली कोण आली?"

'मोजले नाही तर काय बिघडले? बघायला तर मिळते!' असे कोणी म्हणेल. बिघडते ते असे. जो मोजला जातो तो दाखवला जातो. २०१५ पूर्वीच्या मोजणीत खेडी धरलेली नव्हती. त्या वर्षीच्या ऑक्टोबरपासून ग्रामीण भागाची आकडेवारी येऊ लागली. त्यानंतर काय झाले पाहा. २०१६ च्या फेब्रुवारीत 'रात्रीस खेळ चाले' सिंधुदुर्गात गेली आणि मालवणी बोली रोज रात्री घरोघर ऐकू येऊ लागली. त्याच वर्षी 'तुझ्यात जीव रंगला'ने कोल्हापूरकडचा तांबडा आखाडा आणि वाडा दाखवला. २०१७ मध्ये 'लागिरं झालं जी' साताऱ्याकडच्या फौजींच्या गावात शिरली. हा निव्वळ योगायोग आहे असे ज्यांना म्हणायचे असेल त्यांनी खुशाल म्हणावे. मला तो योगायोग वाटत नाही. खेड्यातला प्रेक्षक आकड्यात आला आणि वर्षा-दोन वर्षांत पडद्यावर आला. कॅमेरा कोल्हापूरपर्यंत आला. तिथून निपाणी किती लांब? पण कोगनोळीचा नाका त्याने ओलांडला नाही. मी पाहिलेल्या एकाही मराठी मालिकेतले कुटुंब बेळगावचे नव्हते. घरात मराठी, बाजारात कन्नड, कचेरीत दोन्ही आणि शाळेत तिसरी इंग्रजी, अशा चार तोंडांनी जगणारे घर मराठी मालिकेला अजून दिसलेले नाही.

आता आमच्या भागातला सर्वांत वजनदार युक्तिवाद घेऊ. पालकसभेत तो मला अनेकदा ऐकवला गेला आहे. "सर, मालिका आहेत म्हणून आमच्या पोरांच्या कानावर मराठी पडते. त्या नसत्या तर मराठी केव्हाच गेली असती." हे म्हणणे फेटाळून लावण्यासारखे नाही. मूल इंग्रजी माध्यमात, तिथे दुसरी भाषा कन्नड, मैदानावर हिंदीची खिचडी. अशा मुलाने संध्याकाळी आजीच्या मांडीला टेकून अर्धा तास मराठी ऐकली, तर त्या अर्ध्या तासाला मी नमस्कारच करीन. पण भाषा ऐकण्याने कानात राहते, बोलण्याने जिभेवर येते आणि लिहिण्याने हातात उतरते. टीव्ही उत्तर मागत नाही. आजी मागते. मालिका सुरू असताना नातवाने काही विचारले, तर तीच आजी म्हणते, "गप रे, जाहिरात लागू दे." मराठी टिकवण्याचे काम टीव्हीवर सोपवून आपण मोकळे झालो, ही त्यातली फसगत आहे. मराठी शाळेत मुलाचे नाव घालायला जो बाप तयार नाही, तो मराठी मालिकेच्या टीआरपीसाठी रक्त आटवतो, याला मी भाषाप्रेम म्हणू शकत नाही.

आणि पोरांच्या कानावर पडते ती मराठी कोणाची? आमच्याकडच्या बायाबापड्या स्वतःविषयी 'मी जातो', 'मी आलो' असे म्हणतात. कोल्हापूर-बेळगाव पट्ट्यात ही जुनी रीत आहे. कन्नडमध्येही 'नानु होगुत्तेने' हे बाई म्हणो की बुवा, क्रियापदाचे रूप एकच. दोन भाषा शेजारी नांदल्याची ही खूण आमच्या आज्यांच्या जिभेवर आहे. 'काय करायलाईस', 'जेवायलोय', 'होय की' हीही आमचीच. आता आठवीतली मुलगी आजीला हसते. "आजी, 'जातो' काय म्हणतेस? तू काय मुलगा आहेस?" प्रमाणभाषा शाळेच्या पुस्तकातही असते आणि ती असलीच पाहिजे, पण पुस्तक आजीला हसत नाही. मालिका हसते. वर्षानुवर्षे बोली बोलणारे पात्र म्हणजे घरगडी, स्वयंपाकीण, नाहीतर विनोदापुरता आलेला गावाकडचा मामा. उलट झाले तेव्हा काय घडले, तेही आपण पाहिले. 'तुझ्यात जीव रंगला'मधल्या राणादाने 'चालतंय की' म्हटले आणि आमची मुले ते शब्द छाती काढून म्हणू लागली. आमच्या घरांत ते शब्द पिढ्यान्‌पिढ्या म्हटले जात होते. पडद्यावर आल्यावर त्यांना प्रतिष्ठा मिळाली. पडद्याची ताकद ही अशी आहे. म्हणून तर 'ती केवळ करमणूक आहे, सोडून द्या' हे म्हणणे मला मान्य नाही.

दुसरा युक्तिवाद अभिमानाचा. 'आपली मराठी मालिका पहिली आली पाहिजे.' अवश्य यावी. पण आपली म्हणजे कोणाची? 'आई कुठे काय करते' २०१९ च्या डिसेंबरमध्ये सुरू झाली. मूळ बंगालीतली 'श्रीमोयी'. तीच कथा कन्नडमध्ये 'इंती निम्म आशा' झाली आणि २०२० मध्ये हिंदीत 'अनुपमा'. 'रंग माझा वेगळा'चे मूळ मल्याळम 'करुतमुत्तू'त, तर २०२२ मध्ये सुरू झालेल्या 'ठरलं तर मग'चे मूळ तमिळ 'रोजा'त. २०२४ च्या डिसेंबरमध्ये आलेली 'लक्ष्मी निवास' तर थेट आमच्या शेजारघरची, त्याच वर्षीच्या जानेवारीत सुरू झालेल्या कन्नड 'लक्ष्मी निवास'वरून बेतलेली. उलट दिशेनेही गाडी चालते. 'तुला पाहते रे' २०१९ च्या जुलैत संपली आणि सप्टेंबरमध्ये तीच कथा कन्नडमध्ये 'जोते जोतेयली' म्हणून उभी राहिली. आमच्या गल्लीत तेव्हा मोठी मजा झाली. राजनंदिनी कोण आणि तिचे पुढे काय होते, हे मराठी वहिनींना आधीच ठाऊक! कन्नड शेजारीण चहाला आली की पुढचे भाग तिला फुकट ऐकायला मिळत. २०२२ मध्ये त्या कन्नड मालिकेतून नायक अनिरुद्ध यांना काढले आणि प्रेक्षक संतापले, तेव्हा आमच्या मराठी बायकाही त्या दुःखात सामील झाल्या. भाषेवरून दगडफेक पाहिलेल्या गावात दोन भाषांतल्या बायका एका नटासाठी हळहळत होत्या. मला हे दृश्य कोणत्याही सलोखा-परिषदेपेक्षा मोलाचे वाटले.

तेव्हा उसने घेण्याला मी नावे ठेवीत नाही. सीमाभागातल्या माणसाने तर ती ठेवूच नयेत. उत्तर कन्नडकडून आलेल्या भागवत मंडळींचे खेळ सांगलीत झाले आणि त्यातून स्फूर्ती घेऊन विष्णुदास भाव्यांनी १८४३ मध्ये 'सीता स्वयंवर' उभे केले. मराठी रंगभूमीचा पाळणा असा कन्नड दोरीने हलला. पुढे १८८० मध्ये 'शाकुंतल' रंगमंचावर आणणारे अण्णासाहेब किर्लोस्कर बेळगाव जिल्ह्यातल्या गुर्लहोसूरचे. मराठी मंडळींची नाटके उत्तर कर्नाटकात एवढी गाजू लागली की गदगच्या शांतकवींनी ईर्ष्येने कन्नड नाटक मंडळी काढली. ही देवघेव होती. घेणाऱ्याने घेतले, पचवले आणि आपल्या अंगाचे केले. आजचे उसनेपण वेगळे आहे. कथेचा साचा एका कचेरीतून दुसऱ्या कचेरीत जातो. पात्रांची नावे बदलतात, साडी बदलते, कुलदैवत बदलते. आसनसोलचे घर ठाण्याला येते आणि ठाण्याचे घर हुबळीला जाते, पण त्या घरातल्या माणसाला पाणी किती वाजता येते, रेशन कुठल्या दुकानात मिळते, मुलाची फी कोण भरते, हे कुठल्याच भाषेत कळत नाही. अशा मालिकेच्या पहिल्या नंबरावरून मराठी अस्मितेचा झेंडा नाचवणे म्हणजे नाव सोनूबाई आणि हाती कथलाचा वाळा.

या बाबतीत कन्नड भाषकांकडून एक गोष्ट शिकण्यासारखी आहे, असे मी लिहिले तर काही मंडळी माझ्यावर रागावतील. रागावोत. कर्नाटकात कितीतरी दशके परभाषेतले चित्रपट आणि मालिका कन्नडमध्ये डब करून दाखवू दिल्या जात नव्हत्या. कन्नड नट, लेखक, तंत्रज्ञ यांचे काम जाईल, ही त्यामागची भूमिका. २०१२ मध्ये 'सत्यमेव जयते' कन्नडमधून दाखवता आली नाही. २०१५ मध्ये स्पर्धा आयोगाने या बंदीविरुद्ध निकाल दिला, आणि २०२० च्या टाळेबंदीत कन्नड 'महाभारत' आले तेव्हा ती भिंत खऱ्या अर्थाने पडली. ती भूमिका बरोबर होती असे मी म्हणत नाही. चांगल्या गोष्टींपासून प्रेक्षकाला त्यामुळे वंचित राहावे लागले. पण त्यांच्या वादाचा विषय पाहा. आपल्या भाषेत कोण लिहितो, कोण बोलतो, कोणाच्या हाताला काम मिळते? आपल्या वादाचा विषय काय? कोण किती बघतो! त्यांनी भाषेचा विचार कामकऱ्याच्या बाजूने केला, आपण गिऱ्हाइकाच्या बाजूने करतो. आणि गिऱ्हाईक म्हणूनही आपण वहीत नाही.

मग मालिकांविषयी बोलूच नये काय? बोलावे, पोटभर बोलावे. 'आई कुठे काय करते'मधली अरुंधती २०२१ मध्ये नवऱ्यापासून कायद्याने वेगळी झाली आणि २०२३ मध्ये तिने आशुतोषशी लग्न केले. त्या दिवसांत आमच्या शिक्षकांच्या खोलीत जो वाद झाला तसा मी तीस वर्षांच्या नोकरीत ऐकलेला नाही. मोठी मुले असलेल्या बाईने पुन्हा लग्न करावे का? नवऱ्याने फसवले तरी सासूसासऱ्यांची सेवा तिने का करावी? घर कोणाच्या नावावर? एरवी चहा पिऊन गप्प बसणाऱ्या एका बाईंनी त्या दिवशी शांतपणे सांगितले, "लग्न करायचं की नाही ते तिचं ती बघेल. पण 'लोक काय म्हणतील' हे विचारणारे तुम्ही, तिचा नवरा दुसरीकडे जात होता तेव्हा कुठं होता?" खोलीत कोणी बोलले नाही. रात्रंदिवस क्रिकेट बघणारे आणि 'सासू-सुनांच्या मालिका' म्हणून नाक मुरडणारे पुरुष शिक्षक त्या दिवशी पहिल्यांदा खाली बघत होते. ज्या गोष्टी स्वतःच्या नावाने बोलता येत नाहीत, त्या अरुंधतीच्या नावाने बोलता आल्या. मालिकेचे एवढे एक काम जरी मानले, तरी मी तिला शंभर गुन्हे माफ करीन.

पण पुढे काय झाले? आकडा ढळू लागला. २०२४ मध्ये आशुतोषला कथेतून मारले, मालिका रात्रीच्या वेळेवरून दुपारी हलवली आणि त्या नोव्हेंबरअखेर ती संपली. आमच्या लोकांची चर्चाही आकड्याबरोबर फिरली. अरुंधतीला पुन्हा एकटे करून लेखकाने काय साधले, हे कोणी विचारले नाही. 'टीआरपी पडला, आता बंदच होणार' एवढे बोलून सगळे पुढच्या मालिकेकडे वळले. जाहिरातदाराचे माप वापरता वापरता आपण जाहिरातदारासारखे बोलू लागलो, ते असे. प्रेक्षकाने विचारायचा प्रश्न वेगळा होता आणि तो विचारणारे घर आमच्याच गावात होते.

मुदतवाढीचेही तसेच. 'चार दिवस सासूचे' २००१ ते २०१३ अशी अकरा वर्षे चालली, भागांची संख्या तीन हजारांवर गेली. तो टिकाव अचाट आहे, रोहिणी हट्टंगडी यांचे कष्टही अचाट; पण टिकाव म्हणजे गुण नव्हे. 'एका लग्नाची दुसरी गोष्ट' २०१२ मध्ये आली आणि त्याच वर्षी गोष्ट संपल्यावर संपली. रमाबाई रानड्यांवरची 'उंच माझा झोका' २०१३ मध्ये आटोपली. आजही लोक दोन्हींची नावे काढतात. त्याआधी दिलीप प्रभावळकरांच्या 'अनुदिनी'वरून 'श्रीयुत गंगाधर टिपरे' झाली. तिच्यात ना खलनायिका, ना विषाचा पेला. एक घर, तीन पिढ्या आणि रोजचे साधे प्रसंग. अशी मालिका आज आली तर पहिल्या गुरुवारी आपणच तिला नापास करू, कारण निकाल लावायची घाई आता आपल्या अंगात भिनली आहे.

म्हणून माझे म्हणणे असे की, आपले माप आपण करावे. चार प्रश्न पुरेत. ही माणसे कशावर पोट भरतात, हे मालिकेत कळते का? त्यांच्या बोलण्यावरून ती कुठली आहेत, ते ओळखू येते का? घरातल्या दुबळ्या माणसाला, म्हणजे सुनेला, म्हाताऱ्याला, मोलकरणीला, रडण्यापलीकडे काही बोलायला मिळते का? आणि टीव्ही बंद केल्यावर जेवणाच्या ताटावर आपण एकमेकांशी काही नवे बोललो का? या चार प्रश्नांवर ज्याला वाद घालायचा असेल त्याच्याशी मी रात्रभर बसायला तयार आहे.

दोन मागण्याही आहेत. कडोली, उचगाव, येळ्ळूर अशा गावांनी ग्रामीण साहित्य संमेलनांची परंपरा चालवली आहे, ती सीमाभागाची खरी श्रीमंती. पण गर्दीसाठी मालिकेतला नट आणायचा मोह आता अनेक ठिकाणी दिसतो. नट जरूर आणा, पण त्याच्याबरोबर ती वाक्ये लिहिणाऱ्यालाही आणा. त्याला व्यासपीठावर बसवा आणि विचारा की, बाबा, आमच्यासारखे घर तुझ्या लेखणीत का येत नाही? नटाबरोबर छायाचित्र काढून घेतलेल्या हजार माणसांपेक्षा हा एक प्रश्न मुंबईला जास्त लांब जाईल. दुसरी मागणी वाहिन्यांकडे. महाराष्ट्र-गोव्याबाहेरचा मराठी प्रेक्षक वेगळ्या रकान्यात दाखवा. बेळगाव, इंदूर, बडोदे, हैदराबाद यांची मंडळे, वाचनालये आणि संस्था एकत्र येऊन एवढे पत्र लिहू शकत नाहीत काय? आमच्या बेळगावचे सार्वजनिक वाचनालय १८४८ चे आहे. ज्या गावाने तेव्हा वाचायची सोय स्वतः केली, त्याला आज एक पत्र जड जाऊ नये.

पण रकाना मिळाला तरी तेवढ्याने आपली गोष्ट कोणी लिहून देणार नाही. आमच्या शाळेत नववीच्या मुलांना मी दरवर्षी एक काम देतो. आपल्या घरातली एक संध्याकाळ संवादरूपाने लिहायची, घरात जसे बोलतात तसेच लिहायचे, आणि वर्गात वाचायची. पहिल्यांदा बहुतेक मुले मालिकेतलेच लिहून आणतात. दिवाणखाना, जिना, दारामागून ऐकणारी काकू. ज्यांच्या घराला जिना नाही तीही जिना लिहितात! मी वह्या परत देतो. गेल्या वर्षी एका मुलीने तिसऱ्या खेपेला लिहिले ते असे : आई कारखान्यातून उशिरा आली आहे, आजी चुलीपुढे आहे, शेजारच्या कन्नड मावशी रेशनकार्डावरचा मजकूर वाचून मागायला आल्या आहेत. आजीला वाचता येत नाही, आईला कन्नड वाचता येत नाही, मावशींना मराठी येत नाही. मुलगी वाचते, आणि दोघींना दोन भाषांत सांगते. 'मी वाचतो, तू ऐक' असे आजी नातीला शेवटी गमतीने म्हणते, आणि कार्ड उलटे धरते. वर्ग 'वाचतो'ला हसला, उलट्या कार्डाला हसला, आणि मग ती मुलगी पुढचे वाक्य वाचेपर्यंत गप्प झाला.

त्या संध्याकाळच्या प्रसंगाला कोणत्या तक्त्यात जागा नाही. पण तो कन्नड-मराठी दोन्ही घरांचा आहे, आणि तो कोणत्याही कचेरीतल्या साच्यातून आलेला नाही. असे प्रसंग तुमच्या प्रत्येकाच्या घरात घडतात. मालिका बघा, नटनट्यांवर भांडा, आवडत्या नायिकेसाठी जावेशी अबोला धरा. पण आठवड्यातला एक अर्धा तास टीव्ही बंद करून घरातल्या पोराच्या हातात वही द्या आणि आजीला त्याच्याशेजारी बसवा. आजी बोलेल तसेच त्याने लिहावे. 'जातो'चे 'जाते' करू नये.